पाडव्याच्या रात्रीचा उजेड

आजच्या गप्पांचा विषय थोडा वेगळा आहे. बी-बियाणं नाही, कर्जाचा हप्ता नाही, बाळंतिणीचा आहारही नाही. आज आपण आभाळाकडे बघणार आहोत. आभाळात कधी कधी असं काही दिसतं की त्याचं नाव सांगता येत नाही. ते गावातल्या आजीला दिसतं, तसंच लढाऊ विमान चालवणाऱ्या वैमानिकालाही दिसतं. मग पुढे काय होतं, त्याचा हा इतिहास.

सुरुवात आपल्याच घरापासून करू. २ एप्रिल २०२२, शनिवार. त्या दिवशी गुढीपाडवा होता. सकाळी गुढ्या उभारल्या, कडुनिंब खाल्ला, संध्याकाळी गुढ्या उतरल्या. रात्री पावणेआठच्या सुमाराला वर्धा, नागपूर, चंद्रपूर, अकोला, जळगाव आणि पलीकडे मध्य प्रदेशातही लोक अंगणात उभे राहून वर बघायला लागले. आभाळातून पेटत्या दिव्यांची एक रांग चालली होती. पुढे दोन-चार मोठे गोळे, त्यांच्या मागे लांब शेपट्या, लाल-पिवळा उजेड आणि आवाज नाही. उल्का तुटते ती क्षणात विझते. ही रांग मात्र सावकाश, एका ओळीत, डोळाभर बघता येईल अशी गेली.

ज्याने त्याने आपापल्या परीने नाव दिलं. कोणी म्हणालं तारा तुटला, कोणी म्हणालं विमान पेटलं. कोणाला क्षेपणास्त्र वाटलं, तर कोणाला दुसऱ्या ग्रहावरची माणसं आली असं वाटलं. अर्ध्या तासात मोबाइलवर चित्रफिती फिरू लागल्या, आणि प्रत्येकीसोबत एक नवी गोष्ट.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी नावाचं गाव आहे. तिथे त्या वेळी गावजेवणाची तयारी चालली होती. आभाळ लाल झालं आणि एक मोठी धातूची रिंग धाडकन मोकळ्या जागेत येऊन पडली. स्फोट होईल या भीतीने लोक घरात पळाले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. ती रिंग दोन-तीन मीटर रुंद होती, वजन चाळीस किलोच्या वर. चार हात बाजूला एखादं घर असतं तर? या विचाराने आजही अंगावर काटा येतो. पुढच्या दिवसांत आसपासच्या शिवारांत काळपट गोळे सापडले, साधारण दीड फूट रुंदीचे. आपल्या समुद्रपूर तालुक्यातही एका शिवारात तशी वस्तू मिळाल्याची बातमी वर्तमानपत्रांत आली.

मग शोध सुरू झाला. पहिला अंदाज असा होता की त्याच संध्याकाळी न्यूझीलंडहून एक रॉकेट उडालं होतं, त्याचाच हा भाग असावा. वेळ जवळपास जुळत होती, म्हणून तो अंदाज पटण्यासारखा होता. पण अंतराळातल्या वस्तूंची नोंदवही ठेवणारे अमेरिकेतले खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी मार्ग आणि वेळ दोन्ही ताडून पाहिले आणि वेगळं उत्तर दिलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये चीनने ‘लाँग मार्च ३ बी’ नावाचं रॉकेट सोडलं होतं. त्याचा रिकामा झालेला तिसरा टप्पा वर्षभर पृथ्वीभोवती फिरत होता, आणि त्या रात्री तो आपल्या डोक्यावर खाली आला. इस्रोच्या शास्त्रज्ञांनी येऊन सापडलेल्या वस्तू पाहिल्या आणि तपासणीसाठी ताब्यात घेतल्या.

हे असं का घडतं, ते समजून घेऊ. उपग्रहाला वर नेऊन सोडलं की रॉकेटचा वरचा टप्पा म्हणजे रिकामं पिंप. ते तिथेच फिरत राहतं. इतक्या उंचीवर हवा अगदी विरळ असते, तरी ती थोडी थोडी अडवत राहते. बैलाला चढावर ओझं लागावं तसा त्या पिंपाचा वेग हळूहळू मंदावतो आणि ते खाली येत जातं. दाट हवेत शिरतं तेव्हाही त्याचा वेग सेकंदाला सात किलोमीटरच्या वर असतो. म्हणजे वर्ध्याहून नागपूरला दहा-बारा सेकंदांत. त्या वेगात पुढची हवा दाबली जाते, भयंकर तापते, आणि धातू वितळून तुकडे होतात. प्रत्येक तुकडा वेगळा पेटतो, म्हणून आपल्याला एक गोळा न दिसता दिव्यांची रांग दिसली. पातळ पत्रा वरच जळून जातो. टणक रिंग आणि उच्च दाबाचा वायू भरायच्या गोल टाक्या मात्र जमिनीपर्यंत पोचतात. लाडबोरीला पडली ती रिंग, शिवारात सापडले ते टाक्यांचे गोळे.

आपल्या रात्रीचं कोडं काही दिवसांत सुटलं. पण सगळी कोडी अशी सुटत नाहीत. आणि ती दिसणारी माणसंही नेहमी साधी नसतात. ज्यांना आभाळ वाचायचं शिक्षण दिलेलं असतं, त्या सैन्यातल्या वैमानिकांनाही अशी कोडी पडलेली आहेत.

दुसरं महायुद्ध चालू होतं, १९४४ साल. युरोपावर रात्री उडणाऱ्या अमेरिकी वैमानिकांना आपल्या विमानाशेजारून चालणारे लाल-नारिंगी दिवे दिसू लागले. वळलं की तेही वळत, पण हल्ला करत नसत. वैमानिकांना वाटलं शत्रूचं नवं हत्यार असेल. त्यांनी त्या दिव्यांना एक थट्टेचं नाव दिलं, ‘फू फायटर’. त्या दिव्यांचा एकच एक खुलासा आजही झालेला नाही.

मग २४ जून १९४७. अमेरिकेत केनेथ अर्नोल्ड नावाचा एक माणूस स्वतःचं छोटं विमान घेऊन डोंगराळ भागावरून चालला होता. त्याला नऊ चकाकत्या वस्तू वेगाने जाताना दिसल्या. पाण्यावर बशी फेकली की ती जशी टप्पे घेत जाते, तशा त्या उडत होत्या, असं त्याने सांगितलं. त्याने चाल बशीसारखी सांगितली, आकार नव्हे. पण वर्तमानपत्रांनी मथळा केला ‘उडत्या तबकड्या’. आणि गंमत बघा, त्यानंतर लोकांना आभाळात तबकड्याच दिसू लागल्या! एका चुकीच्या शब्दाने साऱ्या जगाच्या डोळ्यांवर चष्मा चढवला. आपल्या गावातही असं होतं की नाही? एकीने ‘भूत’ म्हटलं की दुसरीला पांढरं लुगडंसुद्धा दिसतं.

पुढच्याच वर्षी, ७ जानेवारी १९४८ ला, थॉमस मँटेल या वैमानिकाला आभाळात एक मोठी चकाकती वस्तू बघायला पाठवलं. तो तिच्या मागे उंच उंच चढत गेला. त्याच्याजवळ प्राणवायूची सोय नव्हती. बहुधा त्याची शुद्ध हरपली, विमान कोसळलं आणि तो गेला. ती वस्तू बहुधा अमेरिकी नौदलाचा एक प्रचंड फुगा होता, असं नंतर मानलं गेलं. तो फुगा गुप्त प्रयोगाचा, म्हणून वैमानिकाला त्याची कल्पनाच नव्हती. एका खात्याने झाकून ठेवलं आणि दुसऱ्या खात्यातला तरुण जिवाला मुकला. लपवाछपवीची किंमत शेवटी कोणाला मोजावी लागते, हे आपण बायांना वेगळं सांगायला नको.

अमेरिकी हवाई दलाने मग अशा नोंदी गोळा करायला एक मोहीम चालवली, ‘प्रोजेक्ट ब्लू बुक’. १९६९ साली ती बंद झाली, तोवर १२,६१८ नोंदी जमल्या होत्या. बहुतेकींचं उत्तर मिळालं, ग्रह-तारे, फुगे, विमानं, ढग. ७०१ नोंदी मात्र तशाच राहिल्या, उत्तराविना.

आता एका बाईची गोष्ट. १४ नोव्हेंबर २००४. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळ समुद्रावर नौदलाचा सराव चालू होता. एका जहाजाच्या रडारवर काही दिवसांपासून विचित्र खुणा दिसत होत्या. दोन लढाऊ विमानं बघायला पाठवली. एकात पथकाचे प्रमुख डेव्हिड फ्रेव्हर, दुसऱ्यात पथकात नुकतीच आलेली तरुण वैमानिक अ‍ॅलेक्स डायट्रिच. दोन विमानांत मिळून चार माणसं. त्यांना समुद्राच्या पाण्यावर एक पांढरी, लांबट गोळीसारखी वस्तू हलताना दिसली. पंख नाहीत, धूर नाही. फ्रेव्हर तिच्याकडे खाली उतरले, अ‍ॅलेक्स वरून राखण करत राहिली. आणि ती वस्तू एकदम दिसेनाशी झाली.

जहाजावर परतल्यावर काय झालं? थट्टा. सोबत्यांनी टिंगल केली, परग्रहवासीयांचे सिनेमे लावले. पुढे २०२१ मध्ये अ‍ॅलेक्स दूरचित्रवाणीवर पहिल्यांदा उघडपणे बोलली. तेव्हा तिने सांगितलं की हे मी एकटीने पाहिलं असतं, तर परत येऊन कोणाला सांगितलं असतं की नाही, कोण जाणे. कारण ऐकणाऱ्याला ते वेडगळच वाटणार.

मैत्रिणींनो, इथे मी जरा थांबते. लाखो रुपयांचं शिक्षण घेतलेली, लढाऊ विमान चालवणारी बाई, आणि तिलाही वाटतं, ‘लोक काय म्हणतील?’ आपल्यातली एखादी म्हणते, धाब्यावर झोपले होते तेव्हा मला असं असं दिसलं. तेव्हा घरातले म्हणतात, स्वप्न पडलं असेल. दवाखान्यात सांगते, छातीत वेगळंच दुखते, तर म्हणतात, मनाचे खेळ. थट्टेच्या भीतीने माणूस गप्प बसला की खरी माहितीही त्याच्यासोबत गप्प बसते. अमेरिकी सरकारला हे कळायला कित्येक वर्षं लागली. २०१९ मध्ये तिथल्या नौदलाने अशा नोंदींसाठी नवे नियम करायला घेतले, की वैमानिकांनी न लाजता सांगावं. २०२० मध्ये वैमानिकांनी टिपलेल्या तीन चित्रफिती सरकारने अधिकृतपणे खुल्या केल्या. जून २०२१ च्या सरकारी अहवालात १४४ नोंदी होत्या. त्यांतल्या फक्त एकीचं उत्तर खात्रीने देता आलं. तो एक हवा निघत चाललेला मोठा फुगा होता. बाकीच्यांबद्दल अहवालाने म्हटलं की माहितीच अपुरी आहे, आणि थट्टेची भीती हे त्यामागचं एक कारण आहे.

मग उरलेल्या नोंदी म्हणजे परग्रहावरची यानं का? तसा पुरावा नाही. नासाच्या समितीने सप्टेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं, आणि अमेरिकी संरक्षण खात्याच्या मार्च २०२४ च्या अहवालानेही. नासाच्या समितीने त्या तीन चित्रफितींपैकी एकीचा हिशेबही मांडला. तिच्यात एक वस्तू समुद्रावरून सुसाट पळताना दिसते. गणित केल्यावर निघालं की ती ताशी साधारण ६४ किलोमीटर वेगाने चालली होती, म्हणजे वाऱ्यासोबत तरंगणाऱ्या वस्तूइतकी. वेग होता तो बघणाऱ्या विमानाचा. एसटीच्या खिडकीतून बघा, जवळची झाडं मागे पळतात आणि लांबचा चंद्र आपल्यासोबत धावतो. झाडही जागेवरच असतं आणि चंद्रही. धावते ती एसटी.

आता आपल्या देशात येऊ. २०१२ साली लडाखमध्ये, चीनच्या सीमेवर पहारा देणाऱ्या जवानांना रात्री पिवळसर दिवे दिसू लागले. डोंगराआडून वर येत, तीन ते पाच तास आभाळात सरकत आणि मग नाहीसे होत. हेरगिरीची यानं असतील का? ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या काळात सैन्याने अशा ३२९ नोंदी केल्या. शेवटी बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांना विचारलं. त्यांनी निरीक्षण करून सांगितलं की हे गुरू आणि शुक्र आहेत. जवान मूर्ख होते का? मुळीच नाही. इतक्या उंचावर हवा स्वच्छ आणि विरळ, ग्रह फारच तेजस्वी दिसतात. त्यात काळ्याकुट्ट रात्री एकाच ठिपक्याकडे टक लावून पाहिलं की तो हलल्यासारखा वाटतो. सीमेवर जागणाऱ्याने शंका घ्यायलाच हवी, ते त्याचं कामच आहे. त्याने लिहून ठेवलं, म्हणूनच तपासता आलं.

आणि १९ नोव्हेंबर २०२३. मणिपूरमधल्या इंफाळ विमानतळावर दुपारी अडीचच्या सुमाराला धावपट्टीच्या वर काहीतरी उडताना दिसलं. जवळपास तीन तास विमानं थांबवली. हवाई दलाने शोधासाठी राफेल विमानं पाठवली. वैमानिकांना काही सापडलं नाही. हवाई दलाने तेवढंच जाहीर केलं, की विमानतळावरून खबर मिळाल्यावर आम्ही यंत्रणा कामाला लावली, त्यानंतर ती छोटी वस्तू दिसली नाही. तिखट-मीठ लावलं नाही.

तिखट-मीठ लावलं की काय होतं, त्याचंही उदाहरण आहे. २००२ साली पूर्व उत्तर प्रदेशात अफवा उठली की रात्री एक उजेडाची उडती वस्तू येते आणि झोपलेल्यांचे चेहरे ओरबाडते. लोकांनी तिला ‘मुंहनोचवा’ नाव दिलं. उकाड्याचे दिवस, वीज नाही, तरी लोक गच्चीवर-अंगणात झोपायला घाबरू लागले. गावोगाव काठ्या घेऊन राखणीच्या टोळ्या निघाल्या. चिडलेले जमाव पोलिसांवर गेले, गोळीबार झाला, माणसं दगावली. उडती वस्तू कोणाला सापडली नाही. घरातली माणसं मात्र गेली.

म्हणून दोन टोकं टाळायची. एक टोक म्हणजे ‘काहीतरीच बोलते’ म्हणून उडवून लावणं. दुसरं म्हणजे ऐकलं तसं, त्यात आणखी भर घालून पुढे पाठवणं. मधला रस्ता आहे नोंदीचा. बचत गटाच्या बैठकीत आपण पैशाची नोंद ठेवतोच, तशीच ही. किती वाजले होते? कोणत्या दिशेकडून कोणत्या दिशेला गेलं? किती वेळ दिसलं, मनात आकडे मोजा. किती उंच होतं? हात लांब करून मूठ धरा, क्षितिजापासून किती मुठी वर, ते सांगा. आवाज होता का? सोबत कोण होतं? शेजारणीशी बोलण्याआधी दोघींनी वेगवेगळं सांगा किंवा लिहा, म्हणजे एकीचा शब्द दुसरीच्या डोळ्यांत शिरणार नाही.

ओळखायच्या काही सोप्या खुणाही आहेत. उल्का दोन-चार सेकंदांत संपते. अंतराळातला कचरा जळत येतो तेव्हा रांग मिनिटभर किंवा थोडी जास्त दिसते. विमानाचे दिवे लुकलुकतात. उपग्रह न लुकलुकता सावकाश जातो, आणि हल्ली मुंग्यांच्या रांगेसारखे एकामागे एक उपग्रहही दिसतात. शुक्र सूर्यास्तानंतर पश्चिमेला किंवा पहाटे पूर्वेला असतो, आणि दुसऱ्या दिवशीही त्याच सुमाराला तिथेच दिसतो.

शिवारात वस्तू सापडली तर हात लावायचा नाही. पोरांना लांब ठेवायचं, गुरं हाकलायची. रॉकेटच्या टाकीत विषारी इंधनाचा अंश असू शकतो. भंगारवाल्याला तर मुळीच द्यायची नाही. पोलीस पाटलाला आणि तहसीलला कळवायचं, पंचनामा करून घ्यायचा. याचं कारण केवळ भीती नाही, हक्कही आहे. १९७२ चा एक आंतरराष्ट्रीय करार आहे. ज्या देशाने वस्तू वर सोडली, तिने जमिनीवर नुकसान केलं, तर भरपाईची जबाबदारी त्या देशाची. भारत आणि चीन दोघेही त्या करारात आहेत. जानेवारी १९७८ मध्ये सोव्हिएत संघाचा अणुशक्तीवर चालणारा उपग्रह कॅनडात पडला होता. त्याचे तुकडे शोधून उचलायला फार खर्च आला. कॅनडाने हिशेब मांडला आणि १९८१ मध्ये ३० लाख कॅनेडियन डॉलर घेतले. मागणी सरकारमार्फत होते, पण सरकारच्या हातात कागद लागतो. तो कागद गावातूनच निघतो. कोणाच्या वावरात, कोणत्या गटात, किती वाजता, काय मोडलं. उद्या एखादीचा गोठा मोडला, तर याच नोंदीवर तिचं म्हणणं उभं राहील.

घाबरून जायचं मात्र कारण नाही. १९७९ च्या जुलैत अमेरिकेचं ‘स्कायलॅब’ पडणार म्हणून आपल्याकडे केवढा घोर लागला होता! आता सगळं संपणार, असं लोक म्हणत होते. ती शेवटी ऑस्ट्रेलियाच्या निर्जन भागात आणि समुद्रात पडली. तिथल्या एस्परन्स गावच्या प्रशासनाने अमेरिकेला ४०० डॉलरचा दंड ठोकला, कचरा टाकल्याबद्दल! १९९७ मध्ये अमेरिकेतल्या तुल्सा शहरात फिरायला निघालेल्या एका बाईच्या खांद्याला रॉकेटचा हलका तुकडा लागला. तिला इजा झाली नाही. पृथ्वी मोठी आहे, तिच्यावर पाणी जास्त, माणसांची वस्ती कमी जागेत. पण वर जाणारी रॉकेटं वर्षागणिक वाढताहेत, म्हणून सावधपणा हवा.

शेवटी एवढंच. ज्या नोंदींचं उत्तर मिळालं, त्या कोणाच्या तरी नीट सांगण्यामुळे मिळालं. ज्यांचं मिळालं नाही, त्यांच्यापुढे ‘माहीत नाही’ असं लिहायला मोठमोठ्या सैन्यांनाही कमीपणा वाटला नाही. आपल्याही घरात तेवढी जागा असू द्या. नात विचारेल, आजी, ते काय होतं? माहीत असेल तर सांगा. नसेल तर म्हणा, माहीत नाही बाई, पण वही आण, लिहून ठेवू.

पुढच्या वेळी पुन्हा भेटू. तोवर एखाद्या रात्री मोबाइल खाली ठेवा, लेकरांना घेऊन अंगणात बसा आणि वर बघा. काही दिसलं, तर आम्हालाही कळवा. इथे कोणी हसणार नाही.